लपविण्यासारखे काय आहे?

खासगी माहितीच्या रक्षणाची गोष्ट कोणी काढली, की आमच्या सुशिक्षित मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: “आपण काही चोरी केलेली नाही, मग लपविण्यासारखे काय आहे?” या प्रश्नाच्या जोडीला एक विधानही असते. खासगीपण हे पुण्यामुंबईच्या बंगलेवाल्यांचे चोचले आहेत. बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावी, जेथे एका घरची भाजी शेजारच्या घरी फोडणीच्या वासावरून ओळखली जाते, तेथे या वस्तूचा कोणास काय उपयोग? ही दोन्ही मते दिसण्यात व्यवहारी आणि परिणामी घातक आहेत. ती अडाण्यांची नसून पदवीधरांची आहेत, म्हणूनच त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे.

प्रथम गावाविषयीचे विधान घेऊ. उमापुरात कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे पारावर कळते, यात शंका नाही. परंतु ज्यास आपले कर्ज ठाऊक, त्याचेही कर्ज बहुधा आपणांस ठाऊक असते. ही ओळख दुतर्फा आहे; तिला भीड आहे, आणि चार पावसाळ्यांनंतर विसरही आहे. संगणकाच्या कोठारात जमा झालेल्या माहितीस यांपैकी काहीच नाही. ती कोणी वाचली, कोणास विकली, कोणत्या कामी लावली, याचा थांगपत्ता तिच्या धन्यास लागत नाही. या एकतर्फी टेहळणीस गावच्या मोकळेपणाचे नाव देणे म्हणजे शब्दांची फसवणूक होय.

खासगीपण ही मूठभर सुखवस्तूंची कल्पना आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढेही झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात तो साफ नाकारला, आणि घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात खासगीपणाचा हक्क अंतर्भूत आहे, असा एकमुखी निर्णय दिला. मराठी वाचकांनी त्या निकालातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही असे ठरविणाऱ्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय सदोष होता असे २०१७ साली लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या कित्येकांजवळही लपविण्यासारखे काही नव्हते. ते जसे होते तसेच राहिले. सत्तेची नजर तेवढी बदलली. आपण निर्दोष आहोत की नाही, हे ठरविणे नेहमीच आपल्या हाती नसते, हेच त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय.

‘आधार’चा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. मधला दलाल वगळून निराधारांचे पैसे थेट त्यांच्या खात्यात पडावेत, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलावा? नोंदणीकृत दस्तऐवजांवरील ठसे उचलून, त्यांवरून कृत्रिम अंगठे बनवून खात्यांतील पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी संगणकामार्फत ९४ कोटींहून अधिक रुपये पळविले. एवढ्या संस्थेची ही गत, तर ज्याचे सर्वस्व एका खात्यात आहे त्या मजुराने खासगीपणास चोचले कसे म्हणावे?

आता घरी बसून करावयाच्या नोकरीचा विचार करू. २०२० च्या टाळेबंदीपासून कचेरी घरात आली. जाण्यायेण्याचा वेळ वाचला, आईबापांचा सहवास लाभला, हे लाभ आम्हांस मान्य आहेत. परंतु त्याबरोबर मालकाचा डोळाही घरात आला. बोटे किती वेळा चालली हे मोजणाऱ्या, पडद्याची छायाचित्रे परस्पर धाडणाऱ्या आज्ञावली बाजारात उघडपणे विकल्या जातात. बीडचा ऊसतोड मजूर उचल घेऊन, न वाचलेल्या कागदावर मुकादमापुढे अंगठा उठवितो, याची आम्ही कीव करतो. आणि आमचे अभियंते चिरंजीव इंग्रजीतील पानेच्या पाने न वाचता ‘मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवतात, तेव्हा त्यांस आम्ही प्रगत समजतो! या दोन अंगठ्यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, आता कायदा झाला आहे. होय, ११ ऑगस्ट २०२३ रोजी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण तो नीट वाचावा. नोकरीच्या प्रयोजनार्थ, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा सातव्या कलमाने दिली आहे. सतराव्या कलमाने, राज्याची सुरक्षितता आदी कारणे दाखवून, केंद्र सरकारला आपल्या वाटेल त्या यंत्रणेस सूट देता येते. दंड २५० कोटींपर्यंत होईल, परंतु तो सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्यास भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

याहून मोठे वैगुण्य दुसरेच आहे. अण्णा हजारे यांच्या चळवळीमुळे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली आला. देशास तो २००५ साली मिळाला. त्यातील आठव्या कलमात या नव्या कायद्याने बदल केला असून, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे कारण सांगून अधिकाऱ्यास उत्तर नाकारता येते. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याचे पोटकलम शिल्लक आहे खरे; परंतु ते लोकहित सिद्ध करीत बसण्याचा भार खेड्यातील अर्जदारावरच पडणार. आणि वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले तेव्हा कंपन्यांवरील मुख्य बंधनांस अठरा महिन्यांची मुदत मिळाली. माहितीच्या अधिकारास लावलेली कात्री मात्र तत्काळ चालू झाली. नागरिकाचे घर उघडे आणि कचेरीचे दार बंद, अशी ही व्यवस्था आहे.

तेव्हा सुशिक्षितांनी तो जुना प्रश्न शेजाऱ्यास विचारण्याऐवजी सरकारास व मालकांस विचारावा. माहिती फुटल्यास भरपाई मिळावी, माहितीच्या अधिकाराचे आठवे कलम पूर्ववत व्हावे, आणि नोकराच्या घरात डोकावण्यास त्याची खरी संमती लागावी, या तीन मागण्या आपल्या प्रतिनिधींकडे लावून धराव्यात. संमतीची सूचना घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत मागण्याचा पर्याय याच कायद्याने दिला आहे. तो अमलात येताच प्रत्येक मराठी कुटुंबाने ती मराठीत मागावी, आणि ती वाचून समजल्यावाचून कशासही मान्यता देऊ नये.