साखरेच्या गावातला रोजा

असरची नमाज झाली की इस्लामपुरातल्या मोहल्ल्यांचे रूप पालटते. हातगाड्यांवर कलिंगड-पपईच्या फोडी लागतात, कढईत भज्यांचा पहिला घाणा पडतो, समोशांच्या परातीभोवती गर्दी जमते. खजुराची पाकिटे, लाल सरबताच्या बाटल्या, बर्फाचा चुरा. या गर्दीत रोजेदार असतात तसे रोजा नसलेले शेजारीही असतात, कारण भज्यांना धर्म नसतो. तास-दीड तासात मगरिबची अजान होते आणि दिवसभराचा उपाशी हात ताटाकडे जातो. त्या पहिल्या अर्ध्या तासात पोटात काय जाते, याचा विचार मात्र फार कमी घरांत होतो.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. होळीच्या आसपासच्या दिवसांत रमजान आला तर आपल्याकडे हा काळ साधारण तेरा तासांचा भरतो. निरोगी माणसाचे शरीर तेरा तास सहज निभावून नेते. आधी यकृतातला साखरेचा साठा वापरला जातो, मग हळूहळू चरबी कामाला येते. खरी अडचण उरलेल्या अकरा तासांत आहे. त्या वेळेत माणूस जेवतो, सरबत पितो, तरावीहहून परतताना चहा-खारी घेतो, झोपण्याआधी काहीतरी गोड खातो आणि पहाटे पुन्हा सहेरीला बसतो. दिवसभराचा संयम रात्रीच्या कढईत तळून निघतो.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम पीठ किंवा डाळीतून सुमारे चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून नऊ. म्हणून उकडलेल्या हरभऱ्याची वाटी आणि हरभऱ्याच्याच पिठाची भजी एका घरातली असली तरी पोटाला सारखी नसतात. सरबताचेही तसेच. पेल्यात दोन मोठे चमचे पाक घातला की चार-पाच चहाचे चमचे साखर आत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम, पाच-सहा चमचे. म्हणजे सरबताच्या एका पेल्यातच दिवसाचा हिशेब पुरा होतो. खीर, जिलेबी आणि रात्रीचा चहा त्यानंतर यायचे असतात.

हे सारे वाळवा तालुक्यात सांगणे थोडे अवघड आहे. इथल्या शिवारात ऊस उभा आहे. साखराळ्याचा राजारामबापू कारखाना आणि वाळव्याचा हुतात्मा किसन अहीर कारखाना यांच्या धुराड्यांवर हजारो घरांची चूल पेटते. साखर इथे पीक आहे, पगार आहे, पाहुणचार आहे. दारात आलेल्या माणसाला बिनसाखरेचा चहा देणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानणारी पिढी अजून घराघरांत आहे. पण जिच्यावर गाव जगते ती वस्तू रोज किती खायची, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या वर, तर ग्रामीण भागात सुमारे नऊ टक्के. इस्लामपूरसारखे तालुक्याचे गाव या दोहोंच्या मधे उभे आहे. कष्ट शेतातून दुकानात आणि दुचाकीवर आले, ताट मात्र शेतातलेच राहिले.

हा दोष एका समाजाचाही नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केली आहे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, तळलेले बटाट्याचे पापड, वर केळ्याची शिकरण, हा बेत उपवासाचा असला तरी पोटाच्या दृष्टीने मेजवानीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. रक्तातली साखर तो झपाट्याने वाढवतो. सात-आठ वर्षांपूर्वी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभा असलेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा ‘दिवसात दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांच्या आत’ हा सल्ला महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. लग्नाच्या पंगतीतही लोक घड्याळ बघून जेवू लागले. त्यावर वाद झाले, दर दोन तासांनी थोडे खा म्हणणारेही पुढे आले. त्या वादात न पडताही एक गोष्ट दिसते. रोजेदाराला दोन जेवणांची चौकट आयतीच मिळालेली असते. ती मोडते सहेरी आणि इफ्तारमुळे नव्हे, त्या दोहोंच्या मधल्या चरण्यामुळे.

रमजानमध्ये वजन उतरेल, अशी आशा अनेकांना असते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की महिनाभरात सरासरी किलोभर वजन कमी होते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बरेचसे परत येते. शिरखुर्म्याच्या वाट्या कुठे जातात, हे त्यावरून कळते.

खरे तर इफ्तारची जुनी रीतच शहाणपणाची आहे. आधी खजूर आणि पाणी, मग मगरिबची नमाज, आणि त्यानंतर जेवण. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पोटाला ‘आता मिळाले’ असा निरोप पोहोचतो आणि भुकेची धार बोथट होते. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही प्रेषितांची शिकवण मशिदीत लहानपणापासून ऐकवली जाते. सहेरी उशिरा करावी आणि रोजा सोडायला उशीर करू नये, हेही तिथलेच सांगणे. आहारतज्ज्ञ आज याहून वेगळे काही सांगत नाहीत. खजुराचा मान राखावा, पण मोजून. छोट्या खजुरात साधारण पाच ग्रॅम साखर असते, मोठ्या मेजूल खजुरात पंधरा ग्रॅमच्या आसपास. एक-दोन खजुरांनी रोजा सुटतो. पाकीट संपवायची गरज नसते.

ताटासाठीही लांब जायला नको. शाळूची सुगी याच सुमारास होते. पहाटेच्या सहेरीला फेणी-दूध किंवा चहा-पाव खाल्ला तर दहा वाजताच पोट ओरडू लागते. त्याऐवजी शाळूची भाकरी, मटकीची उसळ किंवा अंडे, वाटीभर दही आणि एखादी काकडी खाल्ली तर तीच भूक दुपारपर्यंत थांबते, कारण कोंड्यासकटचे धान्य आणि डाळी-कडधान्ये हळूहळू पचतात. लोणचे, पापड, खारी शेव सहेरीला टाळावी. मीठ दिवसभर तहान लावते. इफ्तारला भजी हवीच असतील तर दोन-चार, आणि ती जेवणाऐवजी नव्हे. उकडलेले हरभरे, साधे ताक, लिंबूपाणी, फळांच्या फोडी यांनी पोटाला आधार मिळतो. पाणी सहेरीला एकदम लोटाभर पिऊन साठत नाही. इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडे थोडे करून सात-आठ पेले जावेत. सहेरी होताच आडवे पडले की छातीत जळजळते. तरावीहची नमाज हा व्यायामही आहे, तो चुकवू नये.

इथवरची गोष्ट निरोग्यांची झाली. पण या महिन्यात खरा जीव टांगणीला लागतो तो मधुमेही रोजेदाराचा. असे एक माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल. साठी ओलांडलेली दादी, पंधरा वर्षांचा मधुमेह, सकाळी गोळी आणि रात्री इन्सुलिन. आयुष्यात एक रोजा चुकवला नाही, हा तिचा अभिमान. डॉक्टरांकडे गेले तर ते ‘नको’ म्हणतील, म्हणून ती जातच नाही. सकाळची गोळी स्वतःच बंद करते, किंवा गोळी सहेरीला घेते आणि वर काही खात नाही. दुपारी चारला हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सून म्हणते, ‘अम्मी, पाणी तरी घ्या.’ दादी म्हणते, ‘आता तासाभराचाच प्रश्न आहे.’

तो तास धोक्याचा असतो. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. तिच्यात दिसले, की टाइप दोनच्या दर दहा रुग्णांपैकी जवळजवळ आठ जणांनी रमजानमध्ये किमान पंधरा रोजे ठेवले, आणि साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रकार त्यांच्यात एरवीच्या सुमारे साडेसात पट झाले. लोक रोजे ठेवणारच, हे ओळखून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या विषयातल्या तज्ज्ञांसह २०१६ साली खास रमजानसाठी मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. ती सरसकट ‘रोजा ठेवू नका’ म्हणत नाही. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, धोका किती ते मोजून घ्या, गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा व मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्या, असे ती सांगते. टाइप एकचा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेही गर्भवती, नुकतीच साखर गंभीररीत्या खाली गेलेले रुग्ण, अशांचा धोका मोठा असतो. त्यांनी रोजा ठेवू नये, असा तिचा सल्ला आहे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही ती स्पष्ट करते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर वेळ कोणतीही असो, रोजा तिथेच थांबवायचा.

इथे दादीचा प्रश्न वैद्यकाचा उरत नाही, मनाचा होतो. रोजा सोडणे आणि रोजा तोडणे यांत फरक आहे, आणि तोडण्याची लाज फार मोठी आहे. पण ज्या कुराणाने रोजे फर्ज केले, त्यानेच त्याच ठिकाणी, सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. बरे झाल्यावर तेवढे दिवस भरून काढावेत. ज्याला ते कधीच झेपणार नाही त्याने गरिबाला जेवू घालावे. त्यालाच फिदिया म्हणतात. माणसाची अडचण व्हावी असे नव्हे, त्याला सोपे जावे असे अल्लाहला वाटते, असा त्या आयतींचा आशय. म्हणजे ही सवलत डॉक्टरने काढलेली पळवाट नाही, ती हुकमाचाच भाग आहे. दादीने रोजच्या एका गरिबाचे ताट वाढले तर तिच्या रमजानमध्ये काही उणे राहत नाही. उणे राहते ते आपण तिला हे वेळेवर न सांगितल्यामुळे.

म्हणून हे काम एकट्या दादीवर टाकून चालणार नाही. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात जुम्याच्या नमाजेनंतर मशिदीतून दोन वाक्ये सांगता येतील: औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना भेटल्याशिवाय रोजा सुरू करू नये, आणि सवलत घेणारा कमी ईमानदार नसतो. गावातल्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात साखर-रक्तदाब तपासणीचा एक दिवस ठेवावा. इफ्तारच्या पंगती मांडणाऱ्या पुढाऱ्यांनी आणि मंडळांनी एक पातेले बिनसाखरेच्या ताकाचे ठेवले तर त्यांचा मान कमी होणार नाही. आणि आग्रह हा आपल्या सगळ्यांचा गुण जरा आवरता घ्यावा. ‘आजच्या दिवस चालतंय’ म्हणून तीसही दिवस चालते.

शेजाऱ्यांचेही एक काम आहे. दुकानात, बँकेत, कारखान्यात सोबत काम करणारा रोजेदार दुपारनंतर अचानक घामाघूम झाला, थरथरू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर ‘त्याचा रोजा आहे’ म्हणून गप्प बसू नये. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. एकादशीच्या दिवशी चक्कर आलेल्या मावशीसाठीही हेच लागू आहे.

संभूआप्पा-बुवाफन यांच्या नावाने ज्या गावचा उरूस भरतो, तिथे एकमेकांची काळजी घेणे कुणी नव्याने शिकवायला नको. ईदच्या सकाळी शिरखुर्म्याचे डबे गल्ली ओलांडून जातील, तसे जावेतच. फक्त एखाद्या डब्यात साखर कमी असावी, आणि तो कुणासाठी आहे हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असावे. उसाच्या या गावात साखरेची कमतरता कधीच नव्हती. चमचा कुठे थांबवायचा आणि थरथरत्या हातात तोच चमचा कधी घाईने द्यायचा, हे कळले की दादी पुढच्या रमजानचा चंद्रही अंगणातून पाहील.