तोफा म्हणजे मेलेला पैसा नव्हे

अवकाशातल्या डावपेचांच्या खेळांत एक मत आता वेदवाक्यासारखं ऐकवलं जातं : तोफांवर खर्च केलेला धातू म्हणजे मेलेला पैसा. तोफ जागची हलत नाही, लूट आणत नाही, गुण वाढवते तेवढेच. तेव्हा सगळं काही फ्लीटमध्ये घाला, आक्रमण हाच उत्तम बचाव, आणि झोपताना फ्लीट प्रवासाला पाठवून द्या, म्हणजे झालं. हे सांगणाऱ्यांचा सूर असा असतो की, ग्रहावर चार तोफा ठेवणारा माणूस भित्राच असला पाहिजे.

या मताची मूळ चूक अशी की, बचावाचं काम हल्ला हरवणं हेच आहे, असं ते धरून चालतं. २००२ पासून चालू असलेल्या ओगेमचंच उदाहरण घ्या. मूळ नियमांप्रमाणे हल्लेखोराला ग्रहावरच्या साठ्यापैकी जास्तीत जास्त निम्मा साठा नेता येतो. समजा, ग्रहावर दोन लाख मेटल आणि एक लाख क्रिस्टल आहे. म्हणजे लूट दीड लाखाची. एका क्रूझरची किंमत २०,००० मेटल, ७,००० क्रिस्टल आणि २,००० ड्यूटेरियम. तोफांनी सात क्रूझर पाडले की हल्लेखोराचे दोन लाख तीन हजार गेले. अवशेषांतून मेटल-क्रिस्टलचे ३० टक्के, म्हणजे ५६,७०० त्याने उचलले, तरी तोटा जवळजवळ लुटीएवढाच होतो. वर इंधन जातं ते वेगळंच. लढाई तो जिंकला, पण हिशेबात हरला. एस्पियोनाज प्रोब या हेर यानाने तोफांचे आकडे आधीच दाखवले, तर तो येणारच नाही, आणि न झालेला हल्ला कोणत्याही लढाईच्या अहवालात दिसत नाही. म्हणूनच अहवाल मोजणाऱ्यांना तोफा निरुपयोगी वाटतात. शिवाय पडलेल्या तोफांपैकी सुमारे ७० टक्के लढाईनंतर पुन्हा उभ्या राहतात, आणि नेहमीच्या नियमांत त्यांचे अवशेष अवकाशात पडत नाहीत. तुमचं जहाज फुटलं की त्यातला वाटा शत्रूचा रिसायकलर गोळा करतो. तोफ फुटली की त्याच्या हाती काही लागत नाही. मग मेलेला पैसा नेमका कोणता?

फ्लीट प्रवासात ठेवलं की प्रश्न मिटतो, हेही अर्धसत्यच. जहाजं वाचतात आणि त्यांत भरलेला माल वाचतो. पण खाणी रात्रभर चालू असतात आणि ते उत्पादन ग्रहावरच साठतं. शिवाय ग्रहाकडे परतणारं फ्लीट शत्रूच्या चंद्रावरच्या फॅलँक्स या टेहळणी यंत्राला दिसतं, आणि तुमच्यामागून एका सेकंदाने पोहोचायची वेळ तो साधतो. त्या क्षणी ग्रहावर तोफा असतील तर त्या जहाजांच्या बाजूने लढतात, नसतील तर जहाजं एकटी पडतात.

क्षेपणास्त्रांनी तोफा उडतात, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठीच प्रतिक्षेपणास्त्रं आहेत. नुसते रॉकेट लाँचर रचणं फुकट जातं, हेही मान्य, कारण त्यांच्यावर क्रूझरला लागोपाठ मारा करता येतो. पण स्वस्त माल विरुद्ध भारी माल हा जुना वादच मुळात चुकीचा होता. प्रत्येक गोळीचं लक्ष्य यदृच्छेने ठरतं. त्यामुळे एका प्लाझ्मा तोफेच्या मेटलमध्ये येणारे पंचवीस रॉकेट लाँचर तिच्या वाट्याच्या गोळ्या झेलतात. दोन्ही हवेत. स्थिर बचाव फ्लीटला मोकळं करतो, हे स्टेलारिस या दुसऱ्या अवकाश-खेळातही दिसतं : २०१८ च्या २.० आवृत्तीने प्रवास हायपरलेनपुरता मर्यादित केला, आणि मोक्याच्या ताराप्रणालीतलं स्टारबेस फ्लीटला दुसऱ्या आघाडीवर लढायला मोकळं करू लागलं.

मग प्रमाण किती? एका रात्रीत ग्रहावर जेवढं साठतं, त्याच्या निम्म्याहून अधिक तोटा हल्लेखोराला व्हावा, एवढ्या तोफा. त्यापुढचं सगळं फ्लीटमध्ये घाला. खाणी वाढल्या की तोफा वाढवा. भित्रेपणाची दूषणं देणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आज रात्री बाहेर पडण्याआधी आपल्याच ग्रहाकडे हल्लेखोराच्या नजरेने पाहा आणि हा हिशेब एकदा मांडा.