लिनक्सवर प्रिंटर चालत नाही? नवा घेण्याआधी हे करून पाहा

रात्रीचे साडेदहा वाजलेत. उद्या सकाळी आठ वाजता लेकीला परीक्षा केंद्रावर पोहोचायचं आहे आणि प्रवेशपत्राची प्रत अजून हातात नाही. तुम्ही प्रिंटचं बटण दाबता. प्रिंटरचा दिवा लुकलुकतो, पण कागद जागचा हलत नाही. पुन्हा दाबता, पुन्हा तेच. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "तरी सांगत होतो, त्या लिनक्सच्या नादी लागू नका."

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ज्यांचा जुना पण धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, त्यांच्यातल्या काहींनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. तुम्ही केरळात राहत असाल तर मुलांना लिनक्स नवीनही नसेल, कारण तिथल्या सरकारी शाळांमध्ये संगणक त्याच्यावरच शिकवला जातो. इंटरनेट, व्हिडिओ, लेकीचा प्रोजेक्ट सगळं नीट चालतं. अडतं ते प्रिंटरपाशी. आणि मग चांगला चालणारा प्रिंटर भंगारात जातो किंवा कपाटावर धूळ खात पडतो.

बहुतेक वेळा याची गरज नसते. बिघाड कुठे आहे हे क्रमाने शोधलं तर अर्ध्या तासात प्रिंटर सुरू होऊ शकतो. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

नवऱ्याच्या बदलीमुळे तुम्ही कोइम्बतूरला किंवा कोलकात्याला गेला असाल, तर पहिले काही महिने आठवा. भाजीवाल्याकडे भाजी ताजी, तुमच्याकडे पैसे सुट्टे, तरी शेजारीण मध्ये असल्याशिवाय व्यवहार होत नव्हता. ड्रायव्हर ही ती शेजारीण. संगणकाचं म्हणणं ती प्रिंटरच्या भाषेत सांगते. ती नसेल किंवा चुकीचं सांगत असेल, तर दोन्हीकडचे निरोगी असूनही काम अडतं.

लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार 'कप्स' नावाची यंत्रणा सांभाळते. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही यंत्रणा १९९९ मध्ये लोकांसमोर आली. पुढे २००२ मध्ये अॅपलने ती आपल्या मॅक संगणकांत घेतली. म्हणजे महागड्या मॅकवर जी यंत्रणा छापते, तिचंच भावंड तुमच्या जुन्या लॅपटॉपवर आहे. यंत्रणा कच्ची नाही, फक्त तिला योग्य दुभाष्या मिळायला हवा.

आधी प्रिंटरची तब्येत तपासा

संगणकाला हात लावण्याआधी लॅपटॉपची केबल काढा. प्रिंटरवर स्कॅनरची काच असेल तर एक कागद ठेवून थेट झेरॉक्सचं बटण दाबा. प्रत नीट आली तर शाई, रोलर, कागद सगळं ठीक आहे, दोष बोलण्यात आहे. प्रत आलीच नाही, तर ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. तिथे दुरुस्तीवालाच हवा.

मग केबल पुन्हा लावा, शक्य असल्यास दुसऱ्या खाचेत. वायफायचा प्रिंटर असेल तर तो आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत ना, हे बघा. वीज जाऊन आल्यावर राउटर प्रिंटरला नवा पत्ता देऊ शकतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर निरोप पाठवत राहतो. अशा वेळी प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडला की काम होतं.

रांग थांबली आहे का?

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि ओळखली सर्वांत कमी वेळा जाते. मागे कधीतरी कागद संपला किंवा अडकला. कप्सने सावधगिरी म्हणून ती रांग थांबवली. तुम्ही कागद भरला, पण रांग थांबलेलीच राहिली. त्यानंतर दिलेली प्रत्येक प्रिंट मागे जमत गेली.

हे पाहायला ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी इंग्रजीत 'लोकलहोस्ट' लिहून, मध्ये जागा न सोडता कोलन आणि ६३१ हा आकडा टाका. हे पान इंटरनेटवरचं नाही, तुमच्याच लॅपटॉपमधलं कप्सचं कार्यालय आहे. 'प्रिंटर्स' वर क्लिक करा आणि आपल्या प्रिंटरचं नाव उघडा. तिथे 'पॉझ्ड' असं दिसलं, तर 'मेंटेनन्स' च्या यादीतून आधी 'कॅन्सल ऑल जॉब्ज' निवडा, नाहीतर दहा वेळा दाबलेलं प्रवेशपत्र दहा वेळा छापून येईल. मग त्याच यादीतून 'रिझ्यूम प्रिंटर' निवडा. नाव आणि पासवर्ड मागितला तर लॅपटॉप उघडताना देता तोच द्या. शेवटी 'प्रिंट टेस्ट पेज'. चाचणीचं पान आलं की रात्र सुटली.

प्रिंटरची यादी बघताना एकाच प्रिंटरची दोन नावं दिसली तर गोंधळू नका. नवीन लिनक्स जवळचा प्रिंटर स्वतःहून शोधून एक नाव तयार करतं आणि आधीचं तुम्ही जोडलेलं नावही तसंच राहतं. दोन्हींवर चाचणीचं पान पाठवा. जे चालेल ते कायमचं ठेवा, दुसरं नाव दिसत राहिलं तरी त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

लक्षणांवरून ओळखा

पान आलं, पण त्यावर टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा खच आहे आणि कागदामागून कागद वाया चाललेत. हा चुकीचा दुभाष्या. प्रिंटरला न कळणारी भाषा त्याने शब्दशः छापून टाकली. आधी प्रिंटर बंद करा, कामं रद्द करा, मग योग्य ड्रायव्हर निवडा.

'फिल्टर फेल्ड' असा संदेश येतोय. म्हणजे मजकूर प्रिंटरपर्यंत पोहोचलाच नाही, भाषांतर मध्येच अडलं. ड्रायव्हरचा एखादा भाग नाही किंवा जुना राहिला आहे. अपडेटनंतर लगेच हे सुरू झालं असेल तर हमखास इकडे बघा.

प्रिंटर नुसता दिवा लुकलुकवत थांबलाय. सेटिंगमध्ये कागदाचा आकार 'लेटर' आहे का बघा. हा अमेरिकेतला आकार, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए ४ असतो २१० बाय २९७. काही प्रिंटर ट्रेमध्ये ए ४ असूनही लेटर कागदाची वाट बघत बसतात. आकार ए ४ करा आणि तोच कायमचा ठरवा.

मराठी मजकुरात अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. हा प्रिंटरचा दोष आहे की फाँटचा, हे कळण्यासाठी आधी तो मजकूर पीडीएफ म्हणून साठवा. पीडीएफमध्येच चौकोन असतील तर देवनागरी फाँट नाही. नोटो किंवा लोहितचा देवनागरी फाँट टाका. पीडीएफ ठीक आहे, पण कागदावर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात? मग ऑक्युलर या वाचकातून छापा. त्याच्या छपाईच्या पर्यायांत 'फोर्स रास्टरायझेशन' आहे. त्याने अख्खं पान चित्रासारखं पाठवलं जातं आणि मात्रा जागच्या जागी राहतात. आजीच्या पत्रिकेपासून सत्यनारायणाच्या निमंत्रणापर्यंत हा उपाय लागू पडतो.

कंपनीनुसार उपाय वेगळा

एचपीच्या प्रिंटरसाठी 'एचपीलिप' नावाचा संच आहे आणि तो बहुतेक लिनक्सच्या भांडारातच मिळतो. पण काही मॉडेलना त्याशिवाय कंपनीचा बंदिस्त प्लगइन लागतो. लेझरजेट १०२० तर प्रत्येक वेळी बंद केल्यावर आपलं आतलं सॉफ्टवेअर विसरतो. ते दर वेळी संगणकाने पाठवावं लागतं. प्लगइनची आणि एचपीलिपची आवृत्ती एकच असावी लागते. म्हणून अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला, तर टर्मिनलमध्ये इंग्रजीत 'एचपी-प्लगइन' ही आज्ञा देऊन तो पुन्हा उतरवा.

एप्सनच्या बऱ्याच शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरसाठी 'ईएससीपीआर' हा ड्रायव्हर भांडारात असतो. ब्रदरच्या अनेक लेझर प्रिंटरना 'बीआरलेझर' चालतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र हट्टी आहे. तो 'कॅप्ट' ही कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि ६४ बिट संगणकावरही त्याला ३२ बिटचे जोडभाग लागतात. हौशी मंडळींनी लिहिलेला 'कॅप्टड्रायव्हर' हा दुसरा पर्याय आहे. हे काम मात्र शांतपणे, रविवारी दुपारी करायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री नाही.

इतका त्रास का? कारण प्रिंटरची भाषा कंपनीच्या कुलपात असते. गंमत म्हणजे याच त्रासातून एक मोठी चळवळ उभी राहिली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करायची होती, पण मूळ कोड मिळाला नाही. तो राग त्यांच्या मनात राहिला. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सला त्याच प्रकल्पाची साथ मिळाली.

हेल्पलाइन शोधताना सावध

घाईत आपण नेटवर प्रिंटरची हेल्पलाइन शोधतो आणि वर दिसेल तो नंबर फिरवतो. खरा धोका इथे आहे. कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेले लोक स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगतात. 'नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा' म्हणतात आणि बँकेचे तपशील घेतात. नंबर नेहमी प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. स्क्रीन कुणालाही देऊ नका, ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. घरातल्या ज्येष्ठांनाही हे सांगून ठेवा.

अनोळखी संकेतस्थळावरचा ड्रायव्हर उतरवणं किंवा कुणीतरी लिहिलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये चिकटवून पासवर्ड देणं, हेही तितकंच घातक आहे. अपडेट मात्र बंद करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सशी जोडलेल्या भागांत गंभीर त्रुटी उघड झाल्या होत्या. त्यावरचा उपाय अपडेटमधूनच आला.

नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर

खोक्यावर 'एअरप्रिंट', 'मोप्रिया' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' यांपैकी काही लिहिलंय का ते बघा. असे प्रिंटर एक सामाईक भाषा बोलतात. लिनक्सला त्यांच्यासाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सची वाटचालही त्याच दिशेने आहे. 'प्रिंटर ड्रायव्हर्स आर डेप्रिकेटेड' असा इशारा दिसला तर दचकू नका. पुढे कधीतरी कप्स जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आज तुमचा प्रिंटर चालत असेल तर चालू द्या.

स्वस्त मिळतो म्हणून जुना प्रिंटर विकत घेत असाल, तर लिनक्स असलेला लॅपटॉप सोबत न्या. तिथेच चाचणीचं पान छापून बघा आणि मगच पैसे द्या.

एक चिठ्ठी लिहून ठेवा

प्रिंटर एकदा सुरू झाला की आपण सगळं विसरतो. सहा महिन्यांनी पुन्हा तीच रात्र, तीच धावपळ. बऱ्याच घरांत हे सगळं एकाच व्यक्तीला माहीत असतं, आणि नेमकी तीच गावाला गेलेली असते. म्हणून आजच एक चिठ्ठी लिहा. प्रिंटरचं मॉडेल, यादीतल्या दोन नावांपैकी चालणारं नाव, कोणता ड्रायव्हर निवडला, कागद ए ४, आणि कप्सच्या पानाचा पत्ता. चिकटपट्टीने ती प्रिंटरच्या मागे लावा. मग लेकीला बोलवा आणि थांबलेली रांग कशी सुरू करायची ते तिच्याच हाताने एकदा करून घ्या. पुढच्या वेळी प्रवेशपत्र ती स्वतःच छापेल.