खाली गेलेलं टेंडर वर कसं येतं?

भंडारा जिल्ह्यात एखाद्या रस्त्याचं, नालीचं किंवा समाजमंदिराचं टेंडर उघडलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणाला लागलं? दुसरा प्रश्न, किती बिलो? वीस-पंचवीस टक्के खाली गेल्याचं कळलं, की ऐकणारा फक्त मान हलवतो. काम कसं होणार ते त्याला तिथेच उमगलेलं असतं. करार कोणत्या नमुन्याचा आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरी गोम तिथेच असते.

सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा खात्यांत वर्षानुवर्षं काही ठरावीक नमुने चालत आले आहेत. बी-१ म्हणजे टक्केवारीची निविदा. खात्याचे अभियंते दरसूचीवरून अंदाजपत्रक करतात आणि कंत्राटदार एकच आकडा भरतो, त्यापेक्षा इतके टक्के कमी किंवा इतके जास्त. बी-२ मध्ये खोदकाम, काँक्रीट, सळई अशा प्रत्येक बाबीचा दर तो स्वतः भरतो. 'सी' नमुना ठोक रकमेचा. बी-१ आणि बी-२ मध्ये परिमाण वाढण्याची जोखीम सरकारच्या गळ्यात असते. खडक जास्त लागला तर पैसे जास्त. ठोक रकमेच्या करारात ती जोखीम कंत्राटदाराकडे जाते, पण देखरेख ढिली असेल तर सळईच बारीक होण्याची भीती. बिनधोक असा नमुना कुठलाच नाही. डोळा कुठे ठेवायचा, तेवढं नमुन्यावरून कळतं.

बी-१ करारात ३८ क्रमांकाचं एक कलम आहे. त्याचा आशय साधा आहे. निविदेतली परिमाणं अंदाजे असतात, ती २५ टक्क्यांपर्यंत वाढली तर निविदेचाच दर मिळेल, त्यापलीकडच्या कामाला चालू दरसूचीनुसार नवा दर लागेल. तरतूद रास्तच आहे, कारण जमिनीच्या पोटात काय आहे ते कागदावर कळत नाही. पण अंदाजपत्रकच मोघम केलं असेल, तर हेच कलम मागचं दार होतं. आधी दणकून खाली भरायचं आणि मग जादा परिमाण, जादा बाबी दाखवत वर यायचं.

याचा मोठा धडा जिल्ह्याच्या उशाशीच आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायचं स्वप्न होतं. पुढे प्रकल्प 'राष्ट्रीय' झाला आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेली सुधारित किंमत २६ हजार कोटींच्या घरात गेली. ही सगळी वाढ चोरीची, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भूसंपादन, पुनर्वसन, महागाई, सारं त्यात आहे. पण २००९ चं काय? विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमती त्या वर्षी अवघ्या सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्या. एवढ्या अवधीत ना जमीन बदलली, ना नदी.

या सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराबद्दल नागपूरच्या जनमंच या संस्थेने २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष तपास पथकाचा अहवाल २०१४ मध्ये आला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे दाखल केले. त्यांतले आरोप वाचले तर निविदेचं सगळं नाटक समोर उभं राहतं: निविदेची किंमत परस्पर वाढवली, अपात्र संयुक्त कंपन्यांना पात्र ठरवलं, आणि स्पर्धक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीची बयाणा रक्कम विजेत्याच्याच खात्यातून भरली. लिफाफे दोन, पण खिसा एकच. गोसीखुर्दच्या जेमतेम २३ किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा दर्जाही चौकशीत उघडा पडला.

आता ई-निविदा आली. बयाणाही ऑनलाइन भरला जातो. निविदा उघडण्याच्या दिवसापुरता कारभार पूर्वीपेक्षा स्वच्छ झाला, हे मान्य करायलाच हवं. पण गळती त्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे सरकली आहे. अलीकडे म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. ई-निविदेची मर्यादा आधी तीन लाख होती, नंतर ती दहा लाख झाली. मग गावातला एकच रस्ता 'अमुकच्या घरापासून तमुकच्या घरापर्यंत' अशा तीन कामांत वाटला जातो. पलीकडे म्हणजे मोजमाप पुस्तिका, ठेकेदारांच्या तोंडची एमबी. कनिष्ठ अभियंत्याने त्यात जे लिहिलं त्यावर बिल निघतं, मग जागेवर काहीही असो.

नियमांची दुसरी बाजूही भंडाऱ्याने भोगली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेसाठी पाठवलेला सुमारे दीड कोटींचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, अशा बातम्या तेव्हा आल्या. लेखापरीक्षणात चुकीच्या खरेदीवर आक्षेप निघतो. न झालेल्या खरेदीवर कोण आक्षेप घेणार? फाईल न हलवणारा अधिकारी आपल्याकडे सर्वांत सुरक्षित असतो. यंत्र घेताना 'सर्वांत कमी दर' काटेकोरपणे पाहिला जातो, देखभालीचा वार्षिक करार मात्र मागे राहतो, हेही त्याच वृत्तीचं पोर.

म्हणून कामाच्या फलकावरचं ठेकेदाराचं नाव वाचून थांबू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत कागदपत्रांच्या नकलांबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो वापरणारे विरळा. अर्जात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, कलम ३८ खालचे प्रस्ताव आणि मोजमाप पुस्तिका एवढं मागितलं तरी पुष्कळ झालं. सोबत दोषदायित्व कालावधी कधी संपतो, ती तारीख विचारावी. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती त्याच कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते; त्याच रस्त्यासाठी कोणी नवं अंदाजपत्रक मांडत असेल, तर ग्रामसभेने तो ठराव रोखून आधी जुना करारनामा मागवावा.