परासियाची बातमी आणि आपण

वृत्तपत्रातील बहुतेक बातम्या सकाळच्या चहाबरोबर वाचून होतात आणि दुपारपर्यंत विसरल्याही जातात. सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून आलेली बातमी मात्र त्यांपैकी नव्हती. परासिया व आसपासच्या गावांतील, बहुतांशी पाच वर्षांखालील मुले साध्या सर्दी-तापाने आजारी पडली. त्यांना औषध दिले गेले. काही दिवसांतच लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. कित्येकांना नागपूरला हलवूनही उपयोग झाला नाही. या आईबापांनी हयगय केली, असे कोणी म्हणू शकणार नाही. मूल आजारी पडताच त्यांनी औषध आणले व स्वतःच्या हाताने पाजले. या बातमीतील सर्वांत असह्य भाग हाच आहे.

प्रथम संशय पाण्यावर, डासांवर, कुठल्याशा संसर्गावर गेला. मूत्रपिंडाची बायोप्सी झाली, तेव्हा विषबाधेकडे बोट दाखविले गेले. ३ ऑक्टोबर रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तोवर तपासलेले नमुने निर्दोष असल्याचे सांगितले. परंतु तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कांचीपुरम जिल्ह्यातील स्रेसन फार्मास्युटिकल्सच्या कारखान्यातून घेतलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. याला भेसळ म्हणणेदेखील सौम्य ठरेल. जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती.

बातमी वाचून आपण सारे थक्क झालो. पण थक्क होण्याचा अधिकार आपल्याला खरोखर आहे काय? याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ घेणारे शंभराहून अधिक लोक मेले आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा आला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची सविस्तर चौकशी केली. १९९८ मध्ये गुडगाव परिसरातील मुले, २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगरची मुले, २०२२ मध्ये गांबियातील सुमारे सत्तर मुले याच विषाचे बळी ठरली. हे द्रव्य गोड, रंगहीन आणि औद्योगिक वापराचे म्हणून स्वस्त असते. औषधी दर्जाच्या प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी ते आले, तर डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही. प्रयोगशाळेला मात्र कळतो. म्हणूनच कच्च्या मालाचा आणि तयार औषधाचा प्रत्येक बॅच तपासूनच बाजारात सोडण्याचे बंधन नियमांनी उत्पादकावर घातले आहे. हे विज्ञानाचे अपयश नव्हे. जे ठाऊक होते, ते केले गेले नाही, एवढेच.

या प्रकरणात कारखान्याच्या मालकाआधी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. वैद्यकीय संघटनांनी त्याचा तीव्र निषेध केला. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टराजवळ सिरपचे रासायनिक पृथक्करण करण्याचे साधन नसते. शासनाने परवाना दिलेल्या औषधावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. तेव्हा हा निषेध मला रास्त वाटतो. त्या विशिष्ट खटल्यातील खरेखोटे न्यायालय ठरवील.

परंतु निषेधाचे पत्रक काढून आपली जबाबदारी संपते, असे मला वाटत नाही. बाटलीत विष होते हे आपल्याला कळणे शक्य नव्हते, हे खरे. पण ती बाटली मुळात हवी होती काय, हा प्रश्न तर आपल्याच शास्त्रातला आहे! कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन होते. ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, याची आठवण केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने या घटनेनंतर पुन्हा करून दिली. सर्दी मुलाला आठवडाभर त्रास देते आणि बहुधा आपणहून जाते. औषध शुद्ध असते, तर ही मुले जगली असती. पण बाटली न देताही त्यांतील बहुतेकांची सर्दी बरी झाली असती.

मग बाटली लिहिली का जाते? बुरहानपुरात दवाखाना चालविणाऱ्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. लूमवर खाडा करून आलेली आई, खकनारकडून बसने आलेला बाप मुलाला पुढे करून म्हणतो, “साहेब, पिण्याचं काहीतरी औषध द्या ना.” नुसत्या सल्ल्याने त्यांना फसल्यासारखे वाटते. आपण नाही दिले, तर ते मेडिकलवर जाऊन स्वतःच मागतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण औषध म्हणजे बाटली, हे समीकरण त्यांनी आपल्याच दवाखान्यांतून शिकले. ते पुसण्याचे कामही आपलेच.

आपल्या शहराचा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास बांधला गेला. पाणी जमिनीखालून वाहते, पण शंभराहून अधिक कुंड्यांतून आत डोकावता येते. औषधांचा प्रवाहही असाच नजरेआडून येतो. आपला प्रत्येक दवाखाना ही त्यावरची एक कुंडी व्हावी. दोन मुलांची लघवी एकाच आठवड्यात विनाकारण थांबली, तर पाचजणांनी एकमेकांना त्याच दिवशी फोन करावा, बाटली व बॅच क्रमांक जपून ठेवावा आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेला कळवावे. आपल्या संस्थेने पाच वर्षांखालील मुलांना सर्दीची मिश्रणे न लिहिण्याचा ठराव करावा व तो मराठी, हिंदी आणि उर्दूतून प्रत्येक दवाखान्यात लावावा. त्याखालीच पालकांसाठी चार ओळी असाव्यात: नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वरचेवर द्रव पदार्थ, वर्षावरील मुलाला थोडा मध, श्वास जोरात चालला, मूल पीत नसले वा लघवी कमी झाली, तर त्वरित परत यावे.

बाटली लिहायला अर्धा मिनिट लागतो. ती का नको, हे समजावायला पाच मिनिटे. गर्दीच्या दिवशी ती पाच मिनिटे काढणे कठीण असते, हे मान्य. पण माझ्या मते आपली फी खऱ्या अर्थाने त्याच पाच मिनिटांची असते.