मुलींनी बाजी मारली, मग गणित कुणाच्या मालकीचे?

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. राज्यात मुली ९६.१४ टक्के, मुले ९२.३१ टक्के पास. २०२४ मध्ये हेच आकडे ९७.२१ आणि ९४.५६ होते. मथळा ठरलेला: 'यंदाही मुलींचीच बाजी'. पेढे वाटले, स्टेटस लावले, विषय संपला. आम्ही म्हणतो, विषय इथून सुरू होतो.

मथळ्याने काय होते हे आमच्या धसईला माहीत आहे. १ डिसेंबर २०१६ ला हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले. पण अकरावीचा फॉर्म भरताना आजही घराघरात तेच ऐकू येते. पोरगी आर्ट्सला, पोरगा सायन्सला. का? तर 'गणित मुलींना झेपत नाही'. मुलीला मार्क पडले की ती घोकंपट्टी, मुलाला पडले की ते डोके!

मित्रांनो, हा तर्क ओळखीचा वाटतो ना? जन्मावरून लायकी ठरवायची, मग लायकीवरून काम वाटायचे. बाबासाहेबांनी आयुष्यभर ज्या मनुवादी विचाराशी झुंज दिली, तोच हा विचार. जातीच्या बाबतीत आपण तो फेकून दिला. मग घरातल्या लेकीच्या बाबतीत तो आपल्या तोंडून कसा निघतो?

आता पुरावा बघा. २०२२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८१ देश-प्रदेशांतली १५ वर्षांची मुले बसली. वाचनात मुली जवळपास सगळीकडे पुढे. गणितात ४० ठिकाणी मुले पुढे, पण १७ ठिकाणी मुली पुढे. गणित मेंदूच्या लिंगावर ठरत असते, तर या १७ ठिकाणी मुलींचा मेंदू बदलला काय? बदलते ती संधी.

आयआयटीत मुली दहा टक्क्यांच्या आत होत्या, म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढाव्या लागल्या. दहावीला बाजी मारणाऱ्या मुली मधल्या दोन वर्षांत गेल्या कुठे? क्लास मुरबाडला किंवा कल्याणला. संध्याकाळी परतायची एसटी चुकली तर मुलीचे शिक्षण बंद, मुलाला मात्र मोटरसायकल. आणि टक्केवारी मोजते ती फक्त परीक्षेला बसलेल्यांना. आईबापांसोबत वीटभट्टीवर गेलेली कातकरी मुलगी त्या आकड्यात नाहीच.

म्हणून आमची मागणी आहे: निकाल तालुकावार, विषयवार, मुलगा-मुलगी आणि प्रवर्ग असा वेगळा करून जाहीर करा. कोण कुठे गळते ते दिसू द्या. क्लासच्या वेळेला एसटी सोडा.

आणि मागणी आपल्याकडेही आहे. जयंतीच्या डीजेचा खर्च कमी करा, विहारात आठवी ते दहावीच्या मुलींसाठी गणिताचा वर्ग सुरू करा. 'शिका' हा आदेश फक्त मुलांसाठी नव्हता.

जय भीम!