टिटवीचीं अंडीं आणि सार्वजनिक वाळू

पंचतंत्रांतील टिट्टिभाची गोष्ट जेथें मुलांना सांगितली जात नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत विरळाच असेल. समुद्रतीरीं राहणाऱ्या टिटवीचा प्रसवकाल जवळ आला तेव्हां दुसरें निर्भय स्थळ शोधण्याविषयीं तिनें पतीस विनविलें. समुद्राची काय प्राज्ञा, अशी पतीनें बढाई मारली. आणि ती ऐकून समुद्रानें अंडीं नेलीं. पुढें गरुड, विष्णु, अग्निबाण हें सर्व होऊन अंडीं परत मिळालीं. आम्ही शाळेंत असतांना हा पाठ आला कीं वर्गांतून एक प्रश्न हटकून येई: "गुरुजी, एवढीं झाडें असतांना ही टिटवी वाळूंत अंडीं घालते कशाला?" कथेच्या तात्पर्यापेक्षां हा प्रश्न आम्हांस नेहमींच अधिक मोलाचा वाटत आला आहे.

त्याचें उत्तर पक्ष्याच्या पायांत आहे. टिटवी व तिच्या कुळांतील चिखल्या पक्षी यांस फांदी धरण्यास लागणारें मागचें बोट नसतें, अथवा असलें तर नांवापुरतें असतें. झाड त्यांच्या उपयोगाचें नाहीं. शिवाय चिमणीच्या पिलांप्रमाणें यांचीं पिलें चोंच वासून घरट्यांत बसून राहत नाहींत. अंगावर लव घेऊनच तीं अंड्यांतून निघतात, कांहीं तासांत धांवूं लागतात, आणि पाण्याच्या कडेचे किडे आपले आपण टिपून खातात. आईबापांकडून त्यांस ऊब मिळते, इशारा मिळतो. घास मिळत नाहीं. तेव्हां घर पाण्याजवळच असावें लागतें. घर तरी कसलें? वाळूंत छातीनें पाडलेला एक खळगा व त्यांत चार खडे. अंड्यांचा रंग वाळूचा, वर ठिपके. कोल्ह्याची व कावळ्याची दृष्टि या वर्णानें पुष्कळदां फसते. माणसाचा पाय मात्र फसत नाहीं. कारण तो कांहीं शोधीतच नसतो.

आमची भाची अमेरिकेंत शिकागो येथें असते. २०१९ च्या उन्हाळ्यांत तिच्या पत्रांतून या विषयाचा एक जिवंत पाठच आम्हांस मिळाला. त्या शहरास मिशिगन नांवाच्या प्रचंड सरोवराचा किनारा आहे, आणि त्यावर माँट्रोझ येथें लोकांसाठीं पोहण्याची व खेळण्याची वाळू आहे. त्या वाळूवर पायपिंग प्लोव्हर या जातीच्या चिखल्यांच्या एका जोडीनें घर केलें. शहराच्या हद्दींत साठांहून अधिक वर्षांनीं घडलेली ही गोष्ट! पक्षी वजनानें अवघा चार-साडेचार तोळे. परंतु त्या महासरोवरांच्या कांठीं या जातीचीं जोडपीं १९९० च्या सुमारास डझनभरच उरलीं होतीं, आणि अनेक वर्षांच्या राखणीनंतर तीं ७० च्या आसपास आलीं होतीं. लोकांनीं नराचें नांव माँटी व मादीचें रोझ ठेवलें. किनाऱ्याच्या नांवाचे दोन तुकडे करून जोडप्यांत वांटून दिले, हें आम्हांस फार आवडलें.

पुढील हकीकत ऐकून टिट्टिभ आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या वर्षीं सरोवराचें पाणी चढलें, आणि पहिलीं अंडीं बुडणार असें दिसूं लागलें. पाणी पोंचण्यापूर्वींच अधिकाऱ्यांनीं तीं उचलून नेलीं. जोडप्यानें नवीं घातलीं. त्यांवर आतां तारेच्या जाळीचा पिंजरा बसविला. पक्षी आंत-बाहेर करील, परंतु कोल्हा वा कुरव पक्षी शिरणार नाहीं, अशा बेताच्या फटींचा. भोंवतीं दोर बांधला. गांवचे लोक पाळीपाळीनें दुर्बिणी घेऊन उभे राहिले आणि चेंडू खेळणाऱ्यांस व कुत्रीं फिरविणाऱ्यांस अजीजीनें सांगूं लागले, "जरा पलीकडून जा." सुमारें चार आठवडे नर-मादींनीं आळीपाळीनें अंडीं उबविलीं, आणि जुलैमध्यें तीन पिलें निघालीं. भाचीनें लिहिलें कीं, एके दिवशीं दोराबाहेरून पाहतां एकाच पक्ष्यास आठ पाय दिसले. पंखांखालीं तिन्ही पिलें उभीं होतीं.

खरी अडचण याच वेळीं आली. ऑगस्टअखेर त्याच किनाऱ्यावर दोन दिवसांचा मोठा संगीतोत्सव ठरलेला होता. हजारों लोक, मंडप, वाद्यांचा गजर. आणि पिलांस तर उडावयास तीन-चार आठवडे लागतात. शेवटीं उत्सवच रद्द झाला. दोन पक्ष्यांपायीं एवढ्या लोकांच्या आनंदावर पाणी पाडावें काय, असा प्रश्न आमच्या घरींही निघाला, आणि ज्यांनीं तो काढला त्यांस आम्ही निर्दय म्हणत नाहीं. ज्यांचें पोट उत्सवावर अवलंबून होतें त्यांचें नुकसान झालेंच. तथापि आमचें मत असें कीं गाणें दुसऱ्या मैदानावर होऊं शकतें. पिलूं मात्र भयानें पळतच नाहीं. आईबापांचा इशारा होतांच तें वाळूंत दबून निश्चल होतें, कधीं माणसाच्याच पावलाच्या ठशांत. मोडक्या पंखाचें सोंग करून कोल्ह्यास दूर नेणारा बाप गर्दीपुढें काय करणार?

हें सर्व परदेशांतील म्हणून सोडून द्यावयाचें कारण नाहीं. भीमा-कृष्णेच्या वाळूवर टिटवी, लहान चिखल्या व नदी-सुरय हे पक्षी उन्हाळ्यांतच अंडीं घालतात, आणि वाळूचा उपसाही त्याच दिवसांत जोरांत असतो. कोंकणांत वेळास येथें २००२ पासून कासवांचीं घरटीं गांवकऱ्यांच्या मदतीनें जपलीं जातात. मे महिन्यांत मुलांस किनाऱ्यावर नेणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: एखादा पक्षी ओरडत पायांपुढें लंगडूं लागला, तर त्याच्या मागें न जातां आल्या वाटेनें, खालीं पाहत, परतावें. छायाचित्राच्या मोहानें घरटें शोधीत बसूं नये. तेवढ्या वेळांत उघडीं अंडीं उन्हानें तापतात.

माँटी व रोझ पुढील दोन वर्षें त्याच वाळूवर परत आलीं. २०२१ मध्यें स्कंक नांवाच्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यानें पिंजऱ्यांतूनच चारी अंडीं खाल्लीं. त्यांनीं पुन्हां घातलीं, आणि त्यांतून दोन पिलें जगलीं. मे २०२२ मध्यें माँटी त्याच किनाऱ्यावर मेला. रोझ त्या वर्षीं आलीच नाहीं. २०२१ च्या त्या दोन पिलांपैकीं इमानी नांवाचा नर मात्र येत राहिला. त्यास दोन वर्षें जोडीदारीण मिळाली नाहीं. २०२४ मध्यें सीरॉकेट नांवाची मादी मिळाली. टाकून दिलेल्या अंड्यांतून माणसांनीं वाढविलेली व २०२३ मध्यें माँट्रोझ येथेंच सोडलेली ती होती. त्या जोडीचीं चार पिलें निघालीं, आणि त्यांतील एक उडून गेलें.